बारा नसांचा श्लोक

जुळे सोलापूर
१५ जून २०२५

प्रिय बिरुदेव,

तुझ्यापेक्षा सात महिन्यांनी मोठा असल्याच्या अधिकाराने आधी आशीर्वाद, आणि गरज माझी असल्यामुळे मागाहून नमस्कार. दोन्ही ठेवून घे.

तुझ्या वस्तीवर फोन लागत नाही, आणि लागला तर तू नुसता हसतोस. पत्रात माणसाला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. वसतिगृहाच्या एका खोलीत तीन वर्षं काढली तेव्हापासून आपली हीच रीत आहे, ती मोडायचं कारण दिसत नाही.

उत्कर्षा बारावीला आली. तिला डॉक्टर व्हायचं आहे. केम गावी आमची चार पिढ्यांची शेती. त्यातून मी निसटलो तो संस्कृतकडे, आणि हायस्कुलात मुलांना रूपं घोकायला लावून पोट भरतो आहे. आता लेक निघाली शरीराकडे. 'नीट'मध्ये निम्मे गुण जीवशास्त्राचे असतात म्हणे. तिच्या कॉलेजातले सर पुस्तक वाचून दाखवतात. वाचता तिलाही येतं.

पहिलीपासून दहावीपर्यंत तिला मीच शिकवलं हे तुला ठाऊक आहे. गणितसुद्धा, जे मला येत नव्हतं. आज मी शिकायचो आणि उद्या तिला शिकवायचो. दहावीला संस्कृतात शंभरपैकी शंभर! पण परवा तिनं पेशीविभाजनातलं काहीतरी विचारलं आणि मी चष्मा पुसायला घेतला. बराच वेळ पुसला. शेवटी ती म्हणाली, "राहू द्या बाबा, मी बघते." आवाजात राग असता तर बरं वाटलं असतं. दया होती.

तेव्हा शिकवणी लावणं भाग आहे. तू पंचवीस वर्षं मंगळवेढ्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो आहेस. सोलापुरातलं कुणीतरी माहीत असेलच. माझ्या अटी अशा: शिकवणारा सोलापुरातलाच हवा. अचूक हवा, पण फार रंगवून सांगणारा नको. मुलं अशा माणसांच्या नादी लागतात. प्रौढ, सज्जन आणि किंचित कंटाळवाणा मिळाला तर उत्तम. आणि पुन्हा लिहितो, सोलापुरातलाच.

महानंदेचा नमस्कार. तुझ्या आईला, केराबाईंना, माझा दंडवत.

तुझा,
सयाजी

*

मंगळवेढा
२४ जून २०२५

मास्तर, रामराम.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. 'किंचित कंटाळवाणा' ऐकून ती म्हणाली, "मग ह्यो सोताच का शिकवंना?" मी हसलो. बघ, पत्रातही हसता येतं.

नाव सांगतो: पूनम हाके. माझीच विद्यार्थिनी. आमच्या वस्तीपासून दोन मैलांवरची. बाप मेंढरं घेऊन आठ महिने रानोमाळ, आणि ही मागं कोकरं सांभाळत शिकली. एम.एस्सी. झाली, नोकरीच्या मागं न लागता वर्ग काढला. तुझ्या जुळे सोलापुरातच, पिठाच्या गिरणीच्या वर पत्र्याची खोली आहे. स्कुटीवर पाच मिनिटं. अचूक आहे. कंटाळवाणी नाही, हे आधीच सांगून ठेवतो, मागाहून तक्रार नको.

तिचा एक नियम लई कडक आहे. जूनला पंधरा मुलं घेते. डिसेंबरच्या सुरुवातीला एक चाचणी. त्यातल्या पहिल्या आठांनाच पुढं 'नीट'पर्यंत शिकवते, बाकीच्यांना हात जोडून सांगते की दुसरीकडं बघा. आठांपेक्षा जास्त पोरांच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळत नाही, असं म्हणते. गेल्या साली एका नगरसेवकाच्या पोराला वाटेला लावलं. वशिला चालत नाही, माझासुद्धा.

पोरगी हुशार आहे तुझी. टिकेल.

'सोलापुरातलाच' असं तू दोनदा लिहिलंस. मी दोन्ही वेळा वाचलं.

बिरुदेव

*

जुळे सोलापूर
१० ऑगस्ट २०२५

प्रिय बिरुदेव,

तू दिलेली पूनम आम्हाला मिळाली. म्हणजे उत्कर्षाला मिळाली. मला काय मिळालं ते ऐक.

परवा आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. उत्कर्षानं ताटावर वाकून जोरात वास घेतला. मला वाटलं आमटी लागली. मग तिनं डोळे विस्फारले. मग बुबुळं वर आढ्याकडे नेली, तिथून नाकाच्या शेंड्यावर आणली, दात आवळले, डोळे बाजूला फिरवले, एकदम गोड हसली, कान टवकारला, आवंढा गिळला, छातीवरून पोटापर्यंत हात फिरवला, खांदे उडवले, आणि शेवटी जन्मदात्या पित्याला जीभ काढून दाखवली.

"महानंदे," मी म्हणालो, "हिला काय झालं?"

"अभ्यास करतीय. तुम्ही भात घ्या."

"बाबा, मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या आहेत ह्या," उत्कर्षा म्हणाली. "वास, दृष्टी, मग डोळे हलवणाऱ्या, असं क्रमानं. पूनम मॅडमनी चेहऱ्यावर बसवून घेतलं. आता मेले तरी विसरणार नाही."

पूनम मॅडम! त्या हिरव्या शाईनं लिहितात, म्हणून घरात हिरवी शाई आली. त्या चहात साखर घालत नाहीत, म्हणून माझी मुलगी सकाळी काढा प्यायल्यासारखं तोंड करून चहा पिते. एका रविवारी मी मोजलं, 'पूनम मॅडम' सतरा वेळा. 'बाबा' चार वेळा, त्यातलं एकदा स्कुटीच्या किल्लीसाठी.

मीही स्वस्थ बसलेलो नाही. वर्ग गिरणीच्या वर आहे, तेव्हा मी दळण नेतो. आठवड्यातून तीनदा. गिरणीच्या आवाजात वरचं काही ऐकू येत नाही, पण मधे पट्टा थांबला की हसणं ऐकू येतं. पंधरा मुलं हसतात, त्यात एक हसणं मला ओळखता येतं. घरी तीन माणसं आणि पिठाचे चार डबे झालेत. महानंदा काल म्हणाली, "आपण खानावळ काढतोय का?"

संस्कृतात ईर्ष्या, असूया आणि मत्सर यांत सूक्ष्म भेद आहेत. असूया म्हणजे दुसऱ्याच्या गुणांतसुद्धा दोष काढत बसणं. मला यातलं काहीही झालेलं नाही, हे मी तपासून पाहिलं आहे. फक्त एवढंच विचारतो, की जीवशास्त्र शिकवताना मुलांना इतकं हसवायची गरज असते का?

तुझा,
सयाजी

*

मंगळवेढा
१९ ऑगस्ट २०२५

मास्तर, रामराम.

तुझे तीन शब्द आईला सांगितले. ती म्हणाली, "आमच्यात येकच हाय. जळतंय त्याला."

चेहऱ्याची पद्धत चांगली आहे, मास्तर. पोरं बारा नावं पाठ करतात आणि परीक्षेत तिसरी-चौथीची सरमिसळ करतात. अंगात बसलं की सरमिसळ होत नाही. चौथीला नाकाचा शेंडा बघायचा, पाचवीला दात आवळायचे. ज्याला दात आहेत त्याला पाचवी विसरता येत नाही.

आता एक माझं ऐक. ही पद्धत पूनमची नव्हे. कुणाची, ते तिनं वर्गात सांगितलं असलं तर उत्कर्षाला ठाऊक असेल. सांगितलं नसलं तर मी कशाला सांगू? तरी तू सहज विचारून बघ पोरीला, की मॅडमनी कुणाचं नाव घेतलं का. सहज. मी विचारतोय असं म्हणू नको.

पीठ फार झालं असलं तर पाठव. कोंड्यासकट. शेरडं खातील.

बिरुदेव

*

जुळे सोलापूर
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय बिरुदेव,

सहज विचारलं. मॅडमनी कुणाचंही नाव घेतलेलं नाही. पद्धत उसनी आणि देणाऱ्याचा उच्चार नाही. हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

पण आता मला पूनमबाईंची चिंता उरलेली नाही. मी शस्त्र उपसलं आहे.

विचार कर. आपल्याकडे व्याकरण, वैद्यक, ज्योतिष, सगळं पद्यात पाठ केलं गेलं. हजारो वर्षं टिकलं. कुणी नाकाच्या शेंड्याकडे बघितलं नाही. मी उत्कर्षाचं पुस्तक घेतलं, नऊ दिवस घालवले, आणि बारा नसा अनुष्टुभात बांधल्या. दोन श्लोक. इंग्रजी नावांना विभक्ती लावल्यावर ती इतकी सोज्ज्वळ दिसतात, की ती परदेशी आहेत हे सांगावं लागतं. चौथी आणि पाचवी तेवढ्या आपापल्या जागी बसायला तयार नव्हत्या, फार अडून बसल्या. त्यांचीही समजूत घातली. वृत्त कुठेही लंगडत नाही.

उत्कर्षाला म्हणून दाखवले. ती आधी हसली, मग वही घेऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, परत म्हणा ना." बिरुदेव, गेल्या जूनपासून हे वाक्य माझ्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. चार वेळा म्हटले. पाचव्यांदा तिनंच म्हटले. काल ती गच्चीत कपडे वाळत घालत होती, आणि तोंडात श्लोक. माझे. जीभ जागच्या जागी.

आता मी रक्ताभिसरण घ्यायचं म्हणतो. मंदाक्रांता चालेल असं वाटतं, ते तसंही हळूहळूच वाहतं.

दळण आता महानंदा नेते. दोन आठवड्यांतून एकदा.

तुझा विजयी,
सयाजी

*

मंगळवेढा
१८ ऑक्टोबर २०२५

मास्तर, रामराम. दिवाळीच्या शुभेच्छा.

ते दोन श्लोक लगेच पाठव. चौथी आणि पाचवीची समजूत कशी घातलीस ते मला बघायचंय.

बिरुदेव

*

जुळे सोलापूर
७ डिसेंबर २०२५

प्रिय बिरुदेव,

दिवाळीपासून पत्र नाही, रागावला असशील. शाळेत सहामाहीच्या उत्तरपत्रिका होत्या. त्यात मुलांनी रामाला इतक्या विभक्त्यांत छळलं होतं की काही सुचत नव्हतं. श्लोकांची नक्कल करायची राहिलीच.

तुझ्या पूनमची चाचणी झाली. उत्कर्षा नववी आली. आठांच्या पुढे एक. आठव्या मुलीत आणि हिच्यात दोन गुणांचं अंतर. दोन! काल तिला हात जोडून सांगण्यात आलं, की दुसरीकडे बघा.

मला यात तपासणीचाच दोष दिसतो. हिरव्या शाईनं तपासल्यावर काय चूक आणि काय बरोबर हे कुणाला कळणार? शिवाय आठच का? नऊ मुलं घेतली तर पत्रे कोसळतील का? अष्ट या संख्येविषयी एवढा आदर मी वैदिकांतही पाहिलेला नाही.

विनोद पुरे. शहरातले बाकीचे वर्ग जूनमध्येच भरले. दोन ठिकाणी जाऊन आलो. एका ठिकाणी दोनशे मुलं आणि भिंतीवर पडदा, दुसऱ्या ठिकाणचे सर मला विचारत होते की मुलीला इंजिनियरिंगला का घालत नाही. पाच महिने राहिलेत. उत्कर्षा रडली नाही. जेवते, कॉलेजला जाते, पुस्तक उघडून बसते आणि पान उलटत नाही. 'पूनम मॅडम' हे शब्द घरात ऐकू येत नाहीत. घर फार शांत झालं आहे.

वशिला चालत नाही असं तू लिहिलं होतंस. तरी तू तिचा गुरू. एक शब्द टाकून बघ.

तुझा,
सयाजी

*

मंगळवेढा
१४ डिसेंबर २०२५

मास्तर,

शब्द टाकला नाही. काल एस.टी.नं सोलापूरला आलो, पूनमकडं बसलो आणि उत्तरपत्रिका बघून परत गेलो. तुझ्या घरावरून रिक्षा गेली. थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर तोंडाला येईल ते बोललो असतो. कागदावर माणूस जरा सभ्य राहतो.

बारा गुणांचा प्रश्न होता: बारा नसा क्रमानं, कामासकट. तुझ्या पोरीनं दहा बरोबर लिहिल्या. चौथ्या जागी पाचवी आणि पाचव्या जागी चौथी. दोन गुण गेले. तेच दोन.

पूनमनं तिला विचारलं, "हे कुठं शिकलीस?" पोरगी म्हणाली, "माझंच चुकलं." पूनम म्हणाली, "असं चुकत नाही कुणी. नाकाचा शेंडा आणि दात कधी अदलाबदल होतात का? कुणी सांगितलं?" पोरगी जमिनीकडं बघून म्हणाली, "माझंच चुकलं मॅडम." तीनदा विचारलं, तीनदा तेच. पूनमला वाटलं आपणच कधीतरी उलटं शिकवलं. बिचारीनं सगळ्या वह्या काढून तपासल्या, बाकीच्या पोरांना परत विचारलं. मी गप्प बसलो. सांगायचं ते तू सांगायचं आहेस.

वृत्त लंगडू नये म्हणून तू पोरीला लंगडं केलंस, मास्तर.

आता आलंच आहे तोंडात तर दुसरंही लिहितो. जूनमध्ये तू सोलापूरभर शिक्षक शोधत होतास. पंचवीस वर्षं हेच शिकवणाऱ्या माणसाला 'कुणी माहीत आहे का' असं विचारलंस, 'तू शिकवशील का' असं नाही. पंचावन्न किलोमीटर म्हणजे काही काशी नाही. मला रविवारी सुट्टी असते. अंतराचं कारण सांगशील म्हणून आधीच लिहितो, ते खरं नाही.

उत्कर्षा सहा वर्षांची असताना तुम्ही वस्तीवर आला होता. शेळी व्यायली, तिनं पिल्लाला हातात धरलं, आणि मग दोन दिवस माझं धोतर सोडलं नाही. ह्याला किती दात, ह्याचं पोट कुठं, हे रवंथ का करतं. तिसऱ्या दिवशी तू म्हणालास, "चला, अभ्यास बुडतोय." पहिलीतल्या पोरीचा कसला अभ्यास? आई आजपण विचारते, "ती पोरगी परत का आली न्हाय?" बारा वर्षं झाली. मी आईला काय सांगत असेन?

बिरुदेव

*

जुळे सोलापूर
२१ डिसेंबर २०२५

प्रिय बिरुदेव,

तुझ्या पत्रातली एक ओळही खोडता आली नाही. शुद्धलेखनाचीसुद्धा नाही, आणि तो माझा शेवटचा आधार असतो.

मंगळवारी शाळा सुटल्यावर गिरणीपाशी गेलो. या वेळी दळण नव्हतं. जिना चढलो. आठ मुलं सतरंजीवर, पूनमबाई फळ्यापाशी. मला वाटलं होतं कुणीतरी तेजस्वी, भारदस्त बाई असेल. लहानखुरी, पायात साध्या चपला, हाताला खडू. मी म्हणालो, "उत्कर्षाचा बाप. ती चूक माझी आहे." आणि सगळं सांगितलं.

"म्हणून दाखवा, सर," ती म्हणाली.

दोन्ही श्लोक म्हटले. ती डोळे मिटून ऐकत होती.

"लई छान आहेत," ती म्हणाली. "आणि चुकलेत. आता चेहऱ्यानं करा."

"मी?"

"बारा. पहिल्यापासून. मुलांनो, सरांना बघा आणि चुकले की थांबवा."

बिरुदेव, पन्नाशी उलटलेला संस्कृतचा शिक्षक आठ मुलांसमोर उभा राहून हवा हुंगत होता. तिसरीपर्यंत ठीक. चौथीला मी दात आवळले. आठही मुलं एका सुरात ओरडली, "नाक, सर, नाक!" परत पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला जमलं. शेवटी जीभ बाहेर काढली तेव्हा टाळ्या पडल्या. मग मी म्हणालो, "आता तरी तिला परत घ्या."

"गुण तिचे आहेत, सर," ती म्हणाली. "परीक्षेत बाबांचा श्लोक होता म्हणून कुणी दोन गुण वाढवून देणार आहे का? आणि आठवी आलेली ती बसली आहे बघा. तिची आई चादरीच्या कारखान्यात जाते. तिला ऊठ म्हणून तुम्ही सांगता का मी सांगू?"

ती मुलगी माझ्याकडे बघत होती. मी चपला घालायला वळलो.

जिन्यापर्यंत पूनमबाई आली. म्हणाली, "चेहऱ्याचं मला बिरुदेव सरांनी शिकवलं. वर्गात त्यांचं नाव काढत नाही. काढलं तर पोरं मला सोडून मंगळवेढ्याला जातील." आणि लाजली. तुला हे कळवणं माझं कर्तव्य, ते पार पाडलं. तू ही ओळ आईला वाचून दाखवशील, आणि दोनदा दाखवशील.

घरी येऊन उत्कर्षाला विचारलं, "तुला दोन्ही पाठ होतं. मग माझं का लिहिलंस?"

ती म्हणाली, "पेपरात दोन्ही आठवलं, बाबा. मॅडमची चौथी वेगळी, तुमची वेगळी. वेळ थोडा होता. मग म्हटलं, मॅडम चुकू शकतात. बाबा कशाला चुकतील?"

मी सहा महिने देवाकडे हेच मागत होतो, बिरुदेव. मिळालं. तेव्हापासून मला तिच्याकडे सरळ बघता येत नाही.

तिची परीक्षा मे महिन्यात आहे. सोलापुरात दुसरं कुणी असेल, अगदी कुणीही, तर नाव कळव.

तुझा,
सयाजी

*

मंगळवेढा
२७ डिसेंबर २०२५

सोलापुरात दुसरं कुणी नाही.

बिरुदेव

*

जुळे सोलापूर
४ जानेवारी २०२६

प्रिय बिरुदेव,

तुझ्या एका ओळीच्या पत्राला उत्तर द्यायला मला चार दिवस लागले. एवढं दुर्बोध काव्य मी आजवर वाचलं नव्हतं. अर्थ पहिल्याच वाचनात कळला, हीच त्यातली अडचण.

तू उत्कर्षाला शिकवशील का?

लिहिलं. आता कारणही लिहितो, म्हणजे तुझ्या आईला काय सांगायचं हा प्रश्न सुटेल. तुझ्याकडून परतताना ती सहा वर्षांची पोर एस.टी.त माझ्या मांडीवर बसली होती, आणि सगळ्या वाटेत 'बिरूकाका असं म्हणाले, बिरूकाका तसं म्हणाले'. सोलापूर आलं तेव्हा म्हणाली, "बाबा, तुम्हाला शेळीतलं काहीच कसं येत नाही?" मी हसलो, सहप्रवासीही हसले. त्या दिवशी मी ठरवलं, की हिला जे काही यायला हवं ते मीच शिकवीन. दहावीपर्यंत निभावलं. डॉक्टर व्हायचं तिच्या मनात कुठून आलं, असं लोक विचारतात तेव्हा मी 'देव जाणे' म्हणतो. मला ठाऊक आहे कुठून आलं. तुझ्या गोठ्यातून.

म्हणून 'सोलापुरातलाच'. परका शिक्षक मला चालला असता. परक्याचा मत्सर करता येतो आणि शेवटी तो परका असतो. तुझं काय करायचं?

काल तिला विचारलं, मंगळवेढ्याला दर रविवारी जाशील का. आधी तिनं माझीच चाचपणी केली: "तुम्हाला चालेल?" मी म्हणालो, चालेल. मग तिनं सहा महिन्यांत केला नव्हता इतका आरडाओरडा केला आणि आईला उचललं. महानंदा म्हणते, पाठ धरली.

तर येत्या रविवारी, अकरा तारखेला, सकाळी सातच्या गाडीत मी तिला बसवून देतो. तू स्थानकावर घ्यायला ये. परतीची गाडी पाचच्या आत धरून दे. सोमवारी ती माझ्यासमोर बसून तुझी आरती म्हणेल, आणि मी चेहरा शक्य तितका सरळ ठेवून ऐकेन. त्याहून अधिकाची अपेक्षा माझ्याकडून ठेवू नकोस. बरा झालेलो नाही.

आता ती तुझ्या हाती येतेच आहे, तर काही गोष्टी सांगून ठेवतो.

प्रवासाच्या आधी ती काही खात नाही. उतरली की भूक लागलेली असते आणि मागत नाही, तेवढं केराबाईंच्या कानावर घाल. पाठ करताना ती येरझारा घालते. बसवून ठेवलीस तर निम्मं विसरेल. 'समजलं का' असं विचारलंस तर नेहमी 'हो' म्हणेल, समजलेलं नसलं तरी, कारण समोरच्याला वाईट वाटू नये अशी तिची इच्छा असते. तेव्हा विचारू नकोस. तिलाच उभं कर आणि सांग, आता तू मला शिकव. हे मला ती नववीत असताना कळलं. आणि चुकली की ती गप्प होते. तो हट्ट नव्हे. आतल्या आत मागे जाऊन ती चूक शोधत असते, आणि तिला ती सापडते, पण वेळ लागतो. मला तो वेळ कधी सोसला नाही, मी दर वेळी उत्तर सांगून टाकलं. तू सांगू नकोस. बस नुसता.

यातलं सगळं तुला चार रविवारांत न सांगता कळलं असतं, याची मला खात्री आहे. म्हणून आजच लिहून पाठवतो. तिच्याबद्दलचं एवढं तरी तुला माझ्याकडून कळू दे.

तुझा,
सयाजी